मेजरचं बसणं

महिपतीला नोकरी लागली ती एका कुत्र्याच्या वशिल्याने, आणि ही गोष्ट तो कोणापासून लपवत नसे. जांभूळ गावच्या कुणब्याचा हा मुलगा. लढाईच्या काळात भातशेती थोरल्या भावावर सोपवून कल्याणजवळच्या लष्करी छावणीत कामाला लागला. काम काय, तर कुत्र्यांना पाणी पाजायचं. पाणी पाजता पाजता तो गोऱ्या सार्जंटचं शिकवणं पाहत राहिला आणि दोन वर्षांत स्वतःच कुत्री शिकवू लागला. लढाई संपली, गोरे गेले, सामानाचा लिलाव झाला. अंबरनाथच्या एका खिळ्यांच्या कारखान्याने 'लोखंडी खाटा अकरा, पंखे दोन, कुत्रा एक' असा अख्खा गठ्ठाच उचलला. खाटांना सांभाळायला माणूस लागत नाही, कुत्र्याला लागतो. म्हणून महिपती गेटवर आला.

कुत्र्याचं नाव मेजर. अंगाने दांडगा अल्सेशियन, कान ताठ, आणि चेहरा असा की समोरच्याला आपली काहीतरी चूक झाली आहे असं उगाचच वाटावं. नवे कामगार पहिले आठ दिवस त्याला सलाम करीत. सार्जंटने त्याला इंग्रजीत शिकवलं होतं. ते सगळं पुसून महिपतीने त्याला मराठी शिकवली. शब्द मोजून चार: बस, ऊठ, थांब, शोध. लष्करात माणसांच्या बदल्या होतात, कुत्रं तिथंच राहतं. म्हणून हुकूम कोणाच्या तोंडचा हे कुत्र्याने पाहायचं नाही, पाळायचा, अशी तिथली रीत. मेजर त्या रीतीचा पक्का होता.

मात्र शोधाची गोष्ट वेगळी. एखाद्या वस्तूचा वास देऊन महिपतीने 'शोध' म्हटलं, की मेजर नाक खाली घालून निघे, आणि सापडलं की भुंकणं नाही, चावणं नाही, जिथे वास असेल तिथे शांत बसे. एकदा असा बसला की त्याला उठवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. ज्याने शोधायला पाठवलं त्याने 'शाब्बास' म्हटलं, तरच तो हलणार. आणि ही शाब्बासकी खरीच हवी. खोटी शाब्बासकी एकदा दिली की कुत्रं कायमचं बिघडतं, आणि खरी दडपली तरीही बिघडतं, असं सार्जंट सांगायचा. माणसांचंही तेच होतं, पण ते सार्जंटने सांगितलं नव्हतं.

"कुत्र्याला रोज शाब्बास बोलता," महिपतीची बायको विठा म्हणायची, "माला कंदी बोललाव काय?"

"तू कंदी काय शोधून दिलंस?"

"तुमाला घालाया सदरा कोन शोधून देतं रोज?" विठा विचारी, आणि महिपतीला मुकाट्याने शाब्बास म्हणावं लागे. ही शाब्बासकी खरी होती की दडपणाखालची, यावर घरात मतभेद होते.

सगळं सुरळीत चाललं होतं. पन्नास साली कारखान्यात चिंतामणी साहेब असिस्टंट मॅनेजर म्हणून आले, आणि त्यांनी मालमत्तेची यादी वाचायला घेतली. जगात काही माणसं अशी असतात की त्यांना यादी दिसली की ती शेवटपर्यंत वाचल्याशिवाय जेवण जात नाही. 'फर्निचर' या मथळ्याखाली, खाटा आणि पंखे यांच्या पाठोपाठ, त्यांना 'कुत्रा एक' सापडला. त्यांनी महिपतीला बोलावलं.

"हा कुत्रा काय करतो?"

"राखन करतो, साहेब."

"चार वर्षांत चोरी किती वेळा झाली?"

"एकदाबी नाय, साहेब," महिपती अभिमानाने म्हणाला.

"चोरीच होत नाही, मग राखण कसली? याची गरजच नाही."

"आनी झाली असती तर, साहेब?"

"तर हा नालायक ठरला असता," साहेब म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

महिपतीने या बोलण्यावर गेटपर्यंत जाताना विचार केला, परत येताना विचार केला, पण त्यातून सुटण्याची वाट त्याला दिसेना. महिनाअखेरीस मेजरला मुंबईच्या एका प्राण्यांच्या व्यापाऱ्याकडे धाडायचं ठरलं. "मी घरी नेतो साहेब, माझ्या घासातला घास देईन," असं महिपतीने म्हणून पाहिलं. साहेब म्हणाले, "कंपनीची मालमत्ता गेटमनच्या घरी जात नाही. उद्या एखादा पंखा मागेल." त्या दिवशी महिपती जेवला नाही. विठाने वाढलेली भाकरी त्याने मेजरपुढे धरली आणि मेजरने त्याच्या तोंडाकडे पाहत ती खाल्ली नाही. मग दोघेही तसेच बसून राहिले.

आणि त्याच आठवड्यात चोरी झाली.

कारखान्यातली यंत्रं चामड्याच्या लांब पट्ट्यांवर फिरत. मोठ्या मोटरसाठी विलायतेहून तीस फुटी नवा कोरा पट्टा आला होता. जाड, लवचीक, राळ आणि एरंडेल पाजून तयार केलेला. तो अजून यंत्रावर चढलाही नव्हता. गोदामात आला तेव्हा हमालांनी गोणपाटासकट फळीवर ठेवला, त्याला नागडा कोणी हातही लावलेला नव्हता. सोमवारी पाहतात तर गोदामाच्या मागच्या खिडकीचे गज वाकलेले, फळीवर नुसतं गोणपाट, आत पट्टा नाही. ही खिडकी गेटपासून पार टोकाला, तळ्याच्या बाजूला. असल्या पट्ट्याची चप्पल केली तर दहा वर्षं तळ झिजत नाही, हे सगळ्या अंबरनाथला माहीत होतं. त्यामुळे चोरी का झाली हे कोणी विचारलं नाही.

चिंतामणी साहेबांनी चार दिवस पत्रव्यवहार केला. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांना कुत्रा आठवला.

"चल," ते महिपतीला म्हणाले, "होऊन जाऊ दे परीक्षा. सापडलं तर राहील. नाही सापडलं, तर महिनाअखेर कशाला, उद्याच जाईल."

अकराच्या सुमाराला पटांगणात रांग उभी राहिली. वैशाखाचं ऊन, खाली तापलेली खडी. चोरीच्या आधीच्या शनिवारी कारखान्यात पाऊल टाकलेला प्रत्येक माणूस रांगेत हवा असा हुकूम होता. म्हणून कामगार होते, हमाल होते, आणि सगळ्यात शेवटी टोपणदास होता. हा उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला बेकरीवाला. रोज सकाळी सायकलवर पत्र्याची पेटी बांधून कँटीनला पाव घालायला येई. साहेब सावलीत, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. शेजारी हेडक्लार्क श्रीपाद हातात नावांची यादी घेऊन उभा राहिला. त्याच्या अंगावर इतकी शिस्त होती की रांगेत तो असण्याचं काही कारण आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. पोलिसचौकीतून हवालदार दिनानाथ आले होते. ते दाढेखालची सुपारी सांभाळत शांतपणे बघत होते.

महिपतीने मेजरला गोणपाटाचा वास दिला. "शोध."

मेजर रांगेच्या तोंडापासून निघाला. एकेका माणसाचे पाय, हात, पुढे. माणसं श्वास धरून उभी. शेवटी टोपणदास. आता, टोपणदास हा मनाने चांगला माणूस, पण कुत्र्याला भयंकर भिणारा. ते लांडग्याएवढं तोंड आपल्या पायजम्याशी आलेलं पाहून त्याने दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "बस, भाऊ! बस, बस! इतना नजदीक नहीं!"

मेजर बसला.

पटांगणात एकच गलका झाला. "सापडला! पाववाला! बघा, बघा, बसला!" चिंतामणी साहेब खुर्चीतून अर्धे उठले. श्रीपादने ताबडतोब यादीत टोपणदासच्या नावापुढे फुली मारली. "वाटलंच होतं मला," असं निदान बारा जण म्हणाले. त्यांतल्या एकालाही काही वाटलेलं नव्हतं.

"मैंने क्या किया?" टोपणदास रडवेला झाला. "साईं, मी पाव विकतो! पट्टा घेऊन काय करू, पावात घालू?"

महिपती मात्र मेजरकडे पाहत होता. त्याचा हात शाब्बासकी द्यायला उठलाच नाही. मेजर बसला होता खरा, पण टोपणदासच्या तोंडाकडे बघत, आता पुढे काय, असं विचारत. शोधाचं बसणं असं नसतं. महिपती हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "ऊठ." मेजर पटकन उठला.

महिपतीला उलगडा झाला. टोपणदास हिंदीत म्हणत होता 'पुरे', आणि मेजर मराठीत ऐकत होता 'खाली बस'. कुत्र्याने चूक केली नव्हती. हुकूम पाळला होता.

हवालदारांनी टोपणदासला टाइमऑफिसात बसवलं. साहेब अगदी खुशीत होते. "महिपती, मी शब्दाचा पक्का आहे. कुत्रा राहील," ते म्हणाले. महिपतीने मान डोलावली आणि तो गेटवर येऊन बसला. मेजर वाचला होता. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. गप्प बसण्यात महिपती तसा हुशार होता, लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

टाइमऑफिसची खिडकी गेटकडेच उघडे. टोपणदासने खिशातली खारी बिस्किटं काढली, एक मेजरकडे धरलं. मेजरने तोंड फिरवलं.

"पराये का नहीं खाता," टोपणदास म्हणाला. "अच्छा है. इमानदार है." मग म्हणाला, "महिपतीभाऊ, एक गोष्ट सांगतो. सिंधमध्ये घर सोडलं, दुकान सोडलं, भट्टी गरम होती ती तशीच सोडली. इथे आल्यावर बराकीत एक भट्टी लावली. लोक बोलतात, टोपणदासचा पाव. आता बोलतील, टोपणदास चोर. कुत्रा झूठ नहीं बोलता, सबको मालूम है. मग मीच खोटा. हो ना?"

त्याने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. महिपतीला फार लागलं. कुत्र्याच्या खरेपणावर हा माणूस स्वतःला चोर मानायला निघाला होता, आणि ज्याच्या भरवशावर कुत्रा खरा, तो गेटवर तोंड शिवून बसला होता. महिपती उठला, मेजरची साखळी हाती घेतली आणि सरळ व्हरांड्यात गेला.

"साहेब, मेजरला काय सापडलं नाय. त्याला बस बोलले, म्हनून तो बसला."

"काय बडबडतोस? बस झालं आता," साहेब म्हणाले.

मेजर बसला.

साहेबांनी खाली पाहिलं. "हा इथे का बसला?"

"तुमी बस बोललाव, साहेब." महिपती मेजरला म्हणाला, "ऊठ." मेजर उठला.

"हा काय पोरखेळ आहे? बस करा, पुरे!" श्रीपाद ओरडला. मेजर बसला. महिपतीने उठवला. हवालदार दिनानाथ आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली आणि केवळ खात्री करण्यासाठी गंभीरपणे म्हटलं, "बस." मेजर बसला. "ऊठ." मेजर उठला. "बस." हवालदारांना ते फारच आवडलेलं दिसलं. आणखी तीनदा झाल्यावर साहेबांनी त्यांना थांबवलं.

"म्हणजे," साहेब दातओठ खात म्हणाले, "हा कुत्रा ज्याने त्याने म्हटलं की बसतो. कोणाही निरपराध माणसाला चोर ठरवतो. महिपती, हे तू स्वतः येऊन सांगतोयस?"

"व्हय साहेब."

"मग तो उद्या सकाळी जाईल."

"जाऊद्या साहेब. पन पाववाल्याला सोडा." महिपती म्हणाला. "आनी जायच्या आदी त्याला एकदा नीट शोधू द्या. समद्यांची तोंडं बंद करून. मेजर खोटा नाय. आपलं बोलनं खोटं हाय."

साहेबांनी कदाचित नकार दिला असता. पण हवालदारांनी सुपारी थुंकली आणि म्हणाले, "होऊ द्या साहेब. पंचनाम्यात 'बस' असं लिहून मी वर पाठवलं, तर मला इन्स्पेक्टर काय म्हणतील?"

पुन्हा रांग लागली. साहेबांनी स्वतः हुकूम दिला: कोणी चकार शब्द काढायचा नाही, शिंकायचंसुद्धा नाही. टोपणदासने खबरदारी म्हणून तोंडावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले. "शोध," महिपती म्हणाला.

मेजर रांगेतून गेला. पहिला माणूस, दुसरा, दहावा, विसावा. टोपणदासपाशी येऊन त्याने एकदा हुंगलं आणि पुढे गेला. टोपणदासचे डोळे भरून आले, पण हात तोंडावरून निघाले नाहीत. रांग संपली. महिपतीला वाटलं, झालं, गेलं सगळं. मेजर क्षणभर उभा राहिला, नाक वर करून वारा घेतला, आणि वळून व्हरांड्याच्या पायऱ्या चढला. साहेब पायावर पाय टाकून बसले होते. वरच्या पायात जाड तळाची, करकरीत नवी चप्पल होती. मेजरने ती चप्पल हुंगली, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, सावकाश. आणि बसला. नजर चपलेवर.

चाळीस माणसं आणि एक आवाज नाही. हुकूमच होता तसा.

"ऊठ," साहेब म्हणाले.

मेजर हलला नाही.

"ऊठ म्हणतो ना! महिपती, उठव याला!"

याला उठवण्याचा शब्द एकच होता, आणि तो चाळीस माणसांसमोर उच्चारणं म्हणजे असिस्टंट मॅनेजरच्या पायात चोरीचा माल आहे असं जाहीर करणं. कुत्रा तर जाणारच होता, आता नोकरीही जाईल. घरी विठा विचारेल काय झालं, तर काय सांगायचं? मेजरने मान वळवली नाही, पण एक कान महिपतीकडे फिरवला. तो वाट पाहत होता. त्याने काम केलं होतं, आणि त्याला कोणाची खुर्ची केवढी हे माहीत नव्हतं.

"शाब्बास, मेजर," महिपती मोठ्याने म्हणाला. "शाब्बास, माज्या राजा."

मेजर शेपूट हलवत उठला. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. त्यांनी चप्पल काढून उलटी केली. तळावर टाचेपाशी विलायती कंपनीचा शिक्का अर्धा कापलेला होता, आणि त्याखाली आकडे होते. साहेब यादीचा माणूस. नव्या पट्ट्याचा नंबर त्यांना पाठ होता.

"ह्या मला..." साहेब हळूच म्हणाले, "ह्या मला काल श्रीपादने दिल्या. मेव्हण्याने कोल्हापूरहून आणल्या म्हणून."

सगळ्यांनी श्रीपादकडे पाहिलं. श्रीपाद यादी छातीशी धरून मागे मागे सरत पायऱ्या उतरून खडीवर आला. "शोध," महिपती म्हणाला. मेजर त्याच्याकडे वळताच श्रीपाद ओरडला, "बस! बस, बस, बस!" मेजरने त्याचे हात हुंगले आणि बसला.

"पाहिलंत!" श्रीपाद घामाघूम होऊन म्हणाला. "मी बस म्हटलं म्हणून बसला! हे आत्ताच सिद्ध झालंय! सर्वांसमक्ष!"

हे मात्र बिनतोड होतं. तेव्हा चिंतामणी साहेब दुसरीही चप्पल काढून खुर्चीतून उठले, अनवाणीच पायऱ्या उतरून खडीवर आले, श्रीपादच्या समोर उभे राहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "मेजर, ऊठ."

मेजर बसून राहिला.

"ऊठ," हवालदार म्हणाले. मेजर बसून राहिला. तोंडावरचे हात काढून टोपणदासही म्हणाला, "उठ, भाऊ, उठ!" मेजरने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याची नजर श्रीपादच्या हातांवर होती. श्रीपादने आपले हात पाठीमागे घेतले, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाकीचा पट्टा अठ्ठेचाळीस सालच्या फायलींच्या मागे आहे. तिथे कोणी बघत नाही."

हवालदारांनी त्याच्या दंडाला धरलं. दुसऱ्या हाताने साहेबांच्या चपला पुरावा म्हणून उचलल्या. त्या पुन्हा कधी मिळतील हे सांगता येणार नाही, असंही नम्रपणे सांगितलं. साहेब भर दुपारी तापल्या खडीवर एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभे होते. व्हरांड्याच्या वाटेत नेमका मेजर बसला होता, आणि त्याला ओलांडून जाण्याची त्यांची छाती नव्हती.

"अहो महिपती," ते म्हणाले. चार महिन्यांत त्यांनी महिपतीला अहो म्हटलं नव्हतं. "कुत्रा राहू द्या. यादीत त्याला फर्निचरमधून काढतो, स्टाफमध्ये घालतो. पण आता म्हणा हो त्याला ते लवकर, माझे पाय भाजताहेत!"

महिपतीला घाई करायची होती, पण जमेना. घाईघाईने उरकलेली शाब्बासकी ही शाब्बासकी नव्हे असा सार्जंटचा नियम होता. तो मेजरपुढे खडीवर गुडघे टेकून बसला, त्याच्या मानेभोवती हात टाकला, आणि साहेब नाचत असताना, पुरेसा वेळ घेऊन, ते म्हणाला.